दुसरा रकाना

१२ जानेवारी २०१४, रविवार

आज चिक्कडपल्लीचा रस्ता ओलांडताना अंबाजींनी माझा हात धरला. भर बाजारात, गोंगुऱ्याच्या भाजीच्या जुड्या दुसऱ्या हातात सांभाळत. घरी मी त्यांना अहो म्हणते, विमानदुरुस्तीच्या शॉपमध्ये अंबाजी सर. नुसतं नाव घ्यायची सोय फक्त या वहीत आहे, म्हणून घेते.

लग्नाला तेहतीस वर्षं होतील. त्यातली बहुतेक वर्षं हा माणूस माझ्यापुढं चार पावलं चालायचा आणि मान न वळवता विचारायचा, "आलीस का?" मी म्हणायचे, "नाही, तिकडंच राहिले." आता गर्दी लागली की त्यांचा हात आपोआप पुढं येतो. पहिल्यांदा आला तो २०१०च्या नोव्हेंबरात, अफझलगंजला. मनूच्या लग्नाच्या साड्या घेऊन आम्ही लायब्ररीसमोरचा रस्ता ओलांडला, आणि पलीकडं पोचल्यावरही त्यांनी हात सोडला नाही. तसेच गौलीगुड्याच्या बस स्टँडपर्यंत गेलो. बावन्न वर्षांची मी, शाळकरी पोरीसारखी हसू दाबत होते. बसमध्ये तिकिटाचे पैसे काढायलासुद्धा मला हात सोडवावासा वाटेना.

मनूला फोनवर सांगितलं की डायरी लिहायला घेतली आहे. म्हणाली, "मराठीत? मग सेफ आहे आई. मला एक पान वाचायला एक तास लागेल."

२१ जानेवारी, मंगळवार

जावईबापूंनी मनूला विचारलं म्हणे, तुझे आई-बाबा दिवसभर एका बेंचवर बसून करतात तरी काय. तिला सांगता आलं नाही. मी सांगितलं.

विमानात एक पेटी असते. दुसरं विमान फार जवळ आलं तर ती पायलटला सांगते, वर जा किंवा खाली जा. पण त्यासाठी आपण स्वतः किती उंचीवर आहोत हे तिला बरोबर कळलं पाहिजे. जुन्या विमानांत ही उंची दहा-अकरा बारीक तारांवरून तिच्याकडं येते. एखादी जोडणी मुकी झाली तर सगळे आकडे चुकत नाहीत, तीच मोठी गोची. काही उंचींवर पेटी खोटं बोलते आणि बाकी सगळीकडं खरं. म्हणून आम्ही तिला शून्यापासून चाळीस हजार फुटांपर्यंत पायरी पायरीनं उंची देतो, आणि प्रत्येक पायरीला तिच्या काचेवर कोणता आकडा उमटतो ते लिहून घेतो. शीटवर दोन रकाने. पहिला माझा, दुसरा अंबाजींचा. खाली माझा स्टॅम्प, त्यांचा स्टॅम्प. एक डोळा फसला तरी दोन माणसं एकाच ठिकाणी फसत नाहीत, यावर सगळा धंदा उभा आहे.

आकडा चुकीचा लिहिला गेला तर खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा आणि दोघांच्या छोट्या सह्या.

नियमानं दोघांनी एकमेकांचं न ऐकता वाचायचं असतं. पण मला आकडा पुटपुटल्याशिवाय लिहिता येत नाही. बाबा कॉन्व्हेंटमध्ये माळी होते म्हणून मला तिथं बाकावर जागा मिळाली, आणि सिस्टर फिलोमिनांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की आकडा तोंडानं म्हटल्याशिवाय तो आपला होत नाही. अंबाजी पूर्वी वैतागायचे. "तारा, तोंड मिट. माझा आकडा पळतो." हल्ली नाही वैतागत. परवा तर म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हण की. तुझा आवाज ऐकला म्हणजे दिवस बरा जातो."

या वयात असं बोलायला कुठं शिकले कोण जाणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिल्लीत बिल पास झालं. आपलं राज्य आता दोन होणार. शॉपमध्ये अर्धे जण फटाके आणायला गेले, अर्धे तोंड पाडून बसले. आम्हा मराठी माणसांना दोन्ही बाजूंनी विचारतात, तुम्ही कुणाचे. बाबांना छप्पन्न साली हेच विचारलं होतं. मराठवाडा तिकडं गेला, भाऊबंद तिकडं गेले, आणि बाबा म्हणाले, माझी गुलाबाची रोपं इथं आहेत.

राज्याबरोबर आमच्या कंपनीचीही वाटणी आहे. अर्धं शॉप विजयवाड्याला, अर्धं शमशाबादच्या नव्या हँगरमध्ये. केशवराव मॅनेजरांनी यादी वाचली. आमचा बेंच शमशाबादला जाणार, पण अट तीच जुनी. दोघं असतील तर बेंच. एक गेला की बेंच बंद आणि दुसऱ्यालाही घरी बसावं लागणार. शिवाय नव्या जागी स्वच्छ रेकॉर्ड हवं. दोन हजार बाराच्या मे महिन्यातही अशीच आवई उठली होती. तेव्हा मी घरी येऊन रडले होते, म्हणाले होते की हा बेंच सुटला तर माझं काही उरणार नाही, मी नुसती कुणाची तरी बायको होईन. अंबाजी जेवायला बसले होते. भात कालवत राहिले होते.

२ मार्च, रविवार

सकाळी पेपर मीच वाचून दाखवते. आधी ते बाल्कनीत पेपर घेऊन दडून बसायचे, चहा गार व्हायचा. आता म्हणतात, "तू वाच." मी वाचते आणि ते माझ्याकडं बघत बसतात. सरळ नाही, थोडं कानाकडं, लाजल्यासारखं. बघायला आले होते तेव्हा अस्संच बघत होते. मी केसांना मेंदी लावायला परत सुरुवात केली आहे. आज नवी हिरवी साडी नेसले तर म्हणाले, "निळी शोभते तुला." रंगाचं त्यांना कधीच कळलं नाही.

त्यांचं अक्षरही हल्ली सुधारलं आहे. रकान्याखाली पट्टी ठेवून, मोठे मोठे ठळक आकडे काढतात. साठीकडं झुकल्यावर माणूस व्यवस्थित होतो तो असा.

११ मार्च, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

जानेवारीत आम्ही पास केलेली एक पेटी परत आली. चाळीस जणांचं जुनं विमान. उतरताना सतरा हजार फुटांवर होतं. खाली हजार फुटांवर दुसरं विमान होतं. काही भीती नव्हती. पण पेटीला वाटलं, आपण सोळा हजार दोनशेवर आहोत. तिनं नको ती सूचना दिली, पायलटनं झटक्यानं नाक वर केलं, मग समोर पाहून पुन्हा झटक्यानं परत घेतलं. दोन्ही विमानं एकमेकांजवळून गेली. चहाची ट्रॉली उलटली आणि आत काम करणाऱ्या मुलीचं मनगट मोडलं. तेवीस वर्षांची आहे.

केशवरावांनी पेटी बेंचवर लावली. सतरा हजारांवर सोळा हजार दोनशे. बाकी सगळीकडं बरोबर. मग आमची शीट काढली. सतरा हजारांच्या ओळीत माझ्या अक्षरात १७०००. शेजारी मोठ्या ठळक अक्षरात १७०००.

मला आठवतंय तो दिवस. मला जांभया येत होत्या. सोळा हजार झाल्यावर काय येणार हे ओठांना पाठ असतं. जे यायला हवं तेच मी वाचलं असणार. माझी चूक मी कबूल करते. पण अंबाजी? दोन माणसं एकाच ठिकाणी फसत नाहीत.

घरी येताना ऑटोत मी विचारलं, "तुम्हाला काय दिसलं होतं हो?"

"सतरा हजार."

"नक्की?"

"तुला दिसलं तेच मला दिसलं," म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

१९ मार्च, बुधवार

केशवरावांनी आज आम्हा दोघांची परीक्षा घेतली. तीच पेटी, तोच बेंच. मधे पुठ्ठ्याचा आडोसा. उंची ते स्वतः देणार, उलटसुलट क्रमानं. मला म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना. मुँह एकदम बंद."

पहिला आकडा तेवीस हजार. मी लिहिला. पुठ्ठ्याच्या पलीकडून पेन्सिलीचा आवाज आला नाही. वाटलं, रुसले असतील. दुसरा, चार हजार. मी लिहिला. पलीकडं काही नाही. तिसऱ्याला त्यांचा श्वास ऐकू आला. थांबलेला, कान दिलेला. तीस वर्षं शेजारी बसले आहे, तो श्वास मला कळतो. ते माझी वाट बघत होते.

आकडा माझ्या जिभेवर तयार होता. एकोणतीस हजार. एवढंसं पुटपुटले असते तरी पुरलं असतं. खोकल्यात मिसळूनही सांगता आला असता. मी ओठ दातांखाली धरले. का धरले मला अजून कळत नाही. भीतीनं, की सिस्टर फिलोमिनांच्या धाकानं, की मला खरोखर बघायचं होतं म्हणून.

आठ आकड्यांनंतर केशवरावांनी पुठ्ठा उचलला. दुसरा रकाना कोरा होता. पेन्सिल पट्टीला समांतर ठेवलेली. अंबाजी हाताची घडी घालून बसले होते, प्रार्थनेला बसावं तसे.

"केशवराव," ते म्हणाले, "इथं लाइट कमी आहे."

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून बेंचवर इतकं ऊन आलं होतं की मला काच झाकून वाचावं लागत होतं.

संध्याकाळी मी पेपर त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, वाचा. त्यांनी पान सरळ केलं, चष्मा वर केला, आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "निवडणुकीच्या तारखा..." पान सोन्याच्या दागिन्यांच्या जाहिरातीचं होतं. अख्खं पान, एका नवरीचा चेहरा.

२२ मार्च, शनिवार

डोळ्यांचा दवाखाना. मनूच्या वयाची डॉक्टर, गोड बोलत होती. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला आहे. "आंटी, सेंटर गेलंय दोन्हीकडचं. कडेकडेनं दिसतं. चेहरा समोर आला की चेहऱ्याच्या जागी डाग. म्हणून असे पेशंट माणसाच्या जरा बाजूला बघतात. कानाकडं वगैरे. तसं केलं की थोडं दिसतं."

कानाकडं.

तिनं विचारलं, किती दिवस झाले? अंबाजी म्हणाले, "तीन वर्षं झाली असतील." तिनं तीन लिहिलं. इंजेक्शनं देऊन उरलेलं टिकवता येईल, गेलेलं येणार नाही, म्हणाली. आधी का आला नाहीत, असं तिनं मला विचारलं.

बाहेर पडताना त्यांनी हात पुढं केला. मी धरला. धरावाच लागतो, पायऱ्या होत्या.

२४ मार्च, सोमवार

भांडलो. मनूच्या लहानपणानंतर पहिल्यांदा.

मी म्हटलं, "मला सांगायचंत ना!"

"सांगून काय झालं असतं? तू बरोबर वाचत होतीस. मी बरोबर लिहीत होतो. तीन वर्षांत एक आकडा चुकला का?"

"चुकला की! त्या मुलीचं मनगट..."

"तो तू चुकलीस."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "मग तुमची गरज काय होती तिथं? दुसरा रकानाही मीच भरला असता."

ते उठले, दाराच्या चौकटीला हात लावत आत गेले. चौकटीवर, बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला, रंग काळपट झाला आहे. तो मी दर दिवाळीला पुसते.

एकट्यानं बसून हिशेब केला. वेडेपणा आहे, पण केला. आता दोन हजार चौदा. तीन वर्षांपूर्वी म्हणजे अकरा. त्यानंतरचे सगळे हात, पेपर, तुझा आवाज ऐकला म्हणजे दिवस बरा जातो, सगळं डोळ्यांचं. ते माझं नव्हतं, मी काठी होते. पण अफझलगंजचा हात दहाच्या नोव्हेंबरातला. तो डोळ्यांच्या आधीचा. तो माझा.

एक तरी आहे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दर वर्षी आम्ही दोघं पांढरे कपडे घालून पुतळ्याला जातो. आज मी एकटी गेले. ते म्हणाले, गर्दी नको.

परतताना गौसभाई भेटले, शॉपमध्ये पेट्या खोक्यांत बांधतात ते. आम्हाला जयंतीची मिठाई द्यायला निघाले होते. फुटपाथवरच उभे राहून बोललो. मी म्हटलं, तुम्हाला साहेबांचं कळलंच असेल.

"अम्मा, हमारेकू तो कबका मालूम था. साब टटोल टटोल के चलरे थे. जीने की सीढ़ियाँ गिनते थे, मैं पीछे से सुनता था." मग माझ्याकडं बघून गडबडले. "आपकू नै मालूम था? हम तो समझे, आप इच संभालरे उनकू."

मला रडू आलं. "नक्को अम्मा, रस्ते में नक्को," म्हणाले आणि स्वतःच रुमाल शोधू लागले. त्यांच्या खिशात रुमाल नव्हता. मिठाईच्या डब्याची दोरी सोडून वरचा कागद दिला.

चोवीस तास शेजारी असलेल्या मला दिसलं नाही. मीही समोरचा आकडा वाचत नव्हते. मला हवा तो वाचत होते.

२९ एप्रिल, मंगळवार

बेंचला सील आहे. आम्ही दोघं रजेवर. केशवरावांनी मला एकटीला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, एक स्टेटमेंट लिहा. ही एकच पेटी, त्या एका दिवशी साहेबांना बरं नव्हतं. बस. त्यांना आजारपणाची रिटायरमेंट मिळेल, तुम्हाला शमशाबादला दुसरा पार्टनर देतो. नई जगा, नया बेंच."

मी विचारलं, आणि आधीच्या पेट्या?

"उसमें कुछ निकला क्या अब तक?"

खरंच काही निघालं नाही. मी तीस वर्षं नीट वाचलं आहे. बहुतेक. पण "बहुतेक" पास करायला आमच्याकडं स्टॅम्प नाही.

जाता जाता त्यांनी फाइलमधला एक कागद दाखवला. साहेबांनी दोन हजार बाराच्या मे महिन्यात स्टोअरला बदली मागितली होती. खोकी मोजायची, डोळ्यांना ताण नाही. मंजूर झाली, आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज परत घेतला. कारण लिहिलं नाही. मला हे ठाऊकच नव्हतं. स्टोअरमध्ये गेले असते तर हे काहीच घडलं नसतं. मानी माणूस. बेंचवरून उतरणं जमलं नसेल.

कोरा कागद घेऊन आले. अजून कोराच आहे.

१६ मे, शुक्रवार

निवडणुकीचा निकाल. रस्त्यावर नुसता गुलाल. मी पेपरात रोज फक्त विमानाची बातमी शोधते. नाही सापडली की कागद कपाटात परत ठेवते. याला भित्रेपणा म्हणतात. अंबाजींना मी पेपर वाचून दाखवते, पण आता ते माझ्याकडं तोंड करत नाहीत. भिंतीकडं बसून ऐकतात.

२८ मे, बुधवार

मनू आणि बाळ पुण्याहून विमानानं आले. सव्वा तासाचा प्रवास. तो सव्वा तास मी बाल्कनीत उभी होते. तिच्या विमानाच्या आसपास किती विमानं असतील, त्यांतल्या कुणात तरी आमची पेटी असेल. एका रकान्यावर उडणारी. अशा किती? डोक्यात मोजू लागले. तीन वर्षं, आठवड्याला एक धरली तरी दीडशे.

दाराची बेल वाजली आणि बाळ आजोबांच्या मांडीवर गेलं. अंबाजींनी त्याचा चेहरा हातांनी पाहिला. कपाळ, नाक, हनुवटी. मनू म्हणाली, "बाबा, व्हॉट आर यू डूइंग? गुदगुल्या होतायत त्याला." मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिला कळलं. मला तीन वर्षं लागली, तिला एक मिनिट.

मी आत जाऊन कागद काढला.

१ जून, रविवार

लिहून झालं. एकच पेटी नाही. "गेली तीन वर्षे श्री. अंबाजी यांनी दुसरा रकाना माझा आवाज ऐकून भरला आहे. या काळातील सर्व पेट्या परत मागवून तपासाव्यात. मी माझा स्टॅम्प जमा करीत आहे." इंग्रजीतही तेच, सिस्टर फिलोमिनांना आवडेल असं स्वच्छ. यानंतर शमशाबाद नाही, बेंच नाही. मला ठाऊक आहे. त्यांच्या पेन्शनचं काय होईल ते मात्र ठाऊक नाही.

कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. म्हणजे तो त्यांना कळायला हवा. आणि त्यांना कळायचा तर मीच वाचायचा.

मनू बाळाला घेऊन खाली गेली होती. मी त्यांच्यासमोर खुर्ची घेतली. त्या क्षणी माझ्या हातात काय होतं ते मी इथं लिहून ठेवते. मी काहीही वाचू शकले असते. एकच पेटी, बरं नव्हतं, असं वाचलं असतं तर त्यांनी सही केली असती आणि त्यांना कधीच कळलं नसतं. दोन ओळी गाळायच्या, बस. मी सगळं वाचलं. त्यांच्या नावाशी अडखळले तेव्हा थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

खाली नव्या राज्याचे ढोल वाजत होते. शॉपमध्ये माझी ओळ वाचून झाली की ते "सेम" म्हणायचे. मला वाटलं, आता तेच म्हणतील.

"तीन नाही," ते म्हणाले.

"काय?"

"चार. दहाच्या मे महिन्यात मला काचेवरचा आठ आणि शून्य वेगळा दिसेना. डॉक्टरला मी तीन सांगितलं. तू लिही चार. नाहीतर त्या वर्षाच्या पेट्या राहून जातील."

किती वर्षांनी त्यांनी माझा आकडा चुकीचा ठरवला. मी म्हटलं, "तुम्ही म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला? आणखी पन्नास पेट्या, तुमच्याच नावावर."

"हौ. बरोबर आहे तो आकडा. लिही."

मी "तीन"वर एक आडवी रेघ मारली, बाजूला "चार" लिहिलं, माझी छोटी सही केली. मग त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं. "इथं?" "इथं." आणि खाली मोठी सही. "इथं?" "इथं." त्यांनी दोन्ही नीट केल्या. मग खिशातून स्टॅम्प काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली. बराच वेळ मूठ तशीच धरून बसले होते.

मला तेव्हा दुसरंच काहीतरी मोजायचं होतं.

२ जून, सोमवार

आजपासून राज्य नवं. केशवरावांना कागद आणि दोन स्टॅम्प देऊन आले. त्यांनी वाचला, दोनदा वाचला, आणि "अम्मा" म्हणाले. इतकी वर्षं मॅडम म्हणत होते.

दुपारी ही वही काढली. दहाच्या मे महिन्यानंतर नोव्हेंबर येतो. अफझलगंज, साड्यांचं ओझं, लायब्ररीसमोरचा रस्ता, सगळं त्या चार वर्षांच्या आतच आहे. मला वाटलं होतं एक तरी बाहेर राहिला.

चोवीस मार्चचं पान उघडलं. "तो डोळ्यांच्या आधीचा. तो माझा." यावर आमच्या नियमाप्रमाणं एक आडवी रेघ मारली. एकच. खालचं वाचता येतं. बाजूला माझी सही केली.

दुसरी सही राहिली आहे. त्यासाठी हे पान त्यांना वाचून दाखवावं लागेल. ते बाल्कनीत बसले आहेत, मांडीवर बाळ आहे. मघापासून दोनदा हाक मारली, "तारा, आलीस का?"